इरुलेगीचा कांस्य हात

उत्तर स्पेनमधल्या नावारा प्रांतात, पाम्प्लोनाजवळ इरुलेगी नावाचा डोंगर आहे. त्याच्या उतारावरचं एक गाव इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, रोमन सेनानी सेर्तोरियसच्या युद्धात जळालं. कच्च्या विटांच्या भिंती कोसळल्या आणि घरातल्या वस्तू जागच्या जागी गाडल्या गेल्या. अरान्सादी विज्ञान संस्थेच्या उत्खननात 2021 साली तिथल्या एका घराच्या दारापाशी कांस्याचा पातळ पत्रा मिळाला. उजव्या हाताच्या पंजाच्या आकाराचा, जेमतेम 14 सेंटीमीटर, वजन 36 ग्रॅमच्या आसपास. मनगटाकडे खिळ्यासाठी भोक आहे, त्यावरून हा पंजा बोटं खाली करून दारावर ठोकलेला असावा.

पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत माती काढताना त्यावर अक्षरं दिसली! चार ओळी, चाळीसेक चिन्हं. आधी टोकदार हत्याराने ओरखडलेली आणि मग त्याच रेषांवर ठिपके ठोकून पक्की केलेली. लिहिणाऱ्याने एकच मजकूर दोनदा गिरवला होता.

लिपी इबेरियन घराण्यातली, म्हणजे रोमनांच्या आधीपासून स्पेनमध्ये वापरात असलेल्या लिप्यांपैकी. तिची घडण आपल्याला फार परकी वाटू नये. क, त, ब यांसारख्या व्यंजनांना ती स्वरासकट एकच चिन्ह देते, बाराखडीतल्या 'का', 'कि', 'कु'सारखं. न, र, स आणि स्वर मात्र सुटे लिहिते. त्यात इंग्रजी टीसारखं एक चिन्ह आहे. ते वास्कोन लोकांच्या, म्हणजे त्या काळी या भागात राहणाऱ्या लोकांच्या मुलखातल्या नाण्यांवर दिसतं, शेजारच्या इबेरियन लेखांत नाही. वास्कोनांनी ही लिपी आपल्या भाषेसाठी बदलून घेतली होती, याचा हा पुरावा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

नोव्हेंबर 2022 मध्ये शोध जाहीर झाला तेव्हा गाजला तो पहिला शब्द: 'सोरियोनेकु'. आजच्या बास्कमध्ये 'सोरियोनेको' म्हणजे भाग्यवान, शुभ. उत्तर स्पेन आणि लगतच्या फ्रान्समध्ये बोलली जाणारी बास्क ही युरोपातली एकाकी भाषा आहे, तिची सख्खी बहीण आज कुठेच बोलली जात नाही. तिचं पहिलं छापील पुस्तक 1545चं. त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीचं हे नातं कुणालाही भुरळ घालेल.

पण घाई नको. याच भागातल्या इरुन्या-वेलेया इथल्या खापरांवर जुनं बास्क लिखाण सापडल्याचं 2006 मध्ये जाहीर झालं होतं. तज्ज्ञांनी पुढे ते बनावट ठरवलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2020 मध्ये शिक्षाही झाली. इरुलेगीचा पंजा त्यातला नाही. तो जळक्या थरात, शिस्तशीर उत्खननात मिळाला आणि अक्षरं मातीखाली होती. वाद आहे तो वाचनाचा. नंतरच्या अभ्यासात पहिल्या शब्दाचा शेवट 'कु'ऐवजी 'के' वाचला गेला, आणि मग 'भाग्यवान' हा अर्थही तितका सरळ राहत नाही.

शेवटचा शब्द 'एराउकोन' असा वाचतात. जुन्या बास्कमधल्या क्रियापदाच्या एका रूपाशी तो जुळवून पाहिला गेला आहे. मधले शब्द अजून उलगडलेले नाहीत, कारण पडताळायला या भाषेतला दुसरा लांब मजकूरच हाताशी नाही.