सामाईक भिंतीचा वाद: हद्द कायम मोजणीचा अर्ज

भिंतीवरून शेजाऱ्यांचं वाजलं की पहिली तक्रार नगरपालिकेत जाते. तिथे मालकी ठरत नाही, आणि बांधकाम परवानगी दाखवून हद्दही सिद्ध होत नाही. आधी हद्द कायम मोजणी, म्हणजे सरकारी रेकॉर्डप्रमाणे जागेवर हद्द आखून घेणं, मग भिंत.

महाराष्ट्रात हा अर्ज ई-मोजणी पोर्टलवरून भूमि अभिलेखच्या तालुका उपअधीक्षकांकडे किंवा शहरात नगर भूमापन अधिकाऱ्यांकडे जातो. अर्जदाराचं नाव सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) हवं. खरेदीखत झालं, पण फेरफार, म्हणजे उताऱ्यावरच्या नावातला बदल, बाकी असेल तर आधी तो करून घ्या. सोबत चालू उतारा, ओळखपत्र, चतुःसीमेसह (चारही बाजूंना काय आहे ते दाखवणारा) कच्चा नकाशा आणि लगतधारकांची, म्हणजे लागून असलेल्या जागांच्या मालकांची, नावं-पत्ते लागतात. 1 डिसेंबर 2024 पासून मोजणीचे नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार आहेत. फी क्षेत्रफळावर ठरते.

घोळ बहुधा लगतधारकांच्या यादीत होतो. उताऱ्यावरच्या मयत माणसाच्या नावे नोटीस निघते आणि मोजणीनंतर वारस हरकत घेतात. म्हणून हयात वारसांचे पत्ते अर्जातच द्या.

मोजणीच्या दिवशी मजूर, चुना, खुणेचे दगड अर्जदाराचे. भूकरमापकाने (मोजणी करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याने) दाखवलेल्या खुणा पटल्या नाहीत तर तोंडी हुज्जत घालू नका, जबाबात लिहून द्या. नंतर ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. तिच्यात रेकॉर्डची रेषा कुठली आणि वहिवाटीची (प्रत्यक्ष वापराची) कुठली, हे नीट बघा. मोजणीच मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते.

मोजणीलाही मर्यादा आहे. 1:500 च्या नकाशावर 0.3 मिमी जाडीची रेघ म्हणजे जागेवर 15 सेंमी. चार इंचांचा तंटा त्या रेघेतच बुडतो. तिथे जुनं खरेदीखत काढा: चतुःसीमेत ‘सामाईक भिंत’ लिहिलंय की ‘अमक्याची भिंत’, यावर बरंच ठरतं.

अतिक्रमण निघालं तरी मोजणी खातं ते पाडत नाही. त्यासाठी दिवाणी दावा. मालकीच्या आधारे ताबा मागायची मुदत सहसा 12 वर्षं, तीही शेजाऱ्याचा ताबा तुमच्या हक्काविरुद्ध सुरू झाल्यापासून. तेव्हा ‘क’ प्रत कपाटात ठेवून बसू नका.

हद्द पक्की झाली की कंपाउंडचा नकाशा परवानगीला द्या आणि भिंतीइतकाच पायाही रेषेच्या आत ठेवा. वरून सरळ दिसणाऱ्या भिंतीची फुटिंग (पायाचा जमिनीखालचा रुंद भाग) कधी कधी शेजारच्या जागेत गेलेली असते, ती खणल्यावरच कळते.