पॉवर ट्यूब बदलायच्या आहेत? आधी एवढं वाचून घ्या

नवरात्र जवळ आली की आमच्या दांडिया बाजारातल्या वर्कशॉपचा फोन एकाच प्रश्नासाठी वाजत राहतो: "आवाज जरा बदलायचाय, पॉवर ट्यूब दुसऱ्या टाकल्या तर चालशे ने?" चालतं. पण गिटारच्या कुठल्या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये कुठली पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणारी मोठी काचेची ट्यूब) चालते आणि ती लावल्यावर काय करावं लागतं, हे फोनवर दर वेळी नीट सांगून होत नाही. म्हणून हा कागद.

प्रीअ‍ॅम्पची, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणारी छोटी ट्यूब १२एएक्स७, तुमच्यापैकी बरेच जण घरीच बदलतात. अ‍ॅम्प बंद, गार होऊ द्यायचा, जुनी काढायची, नवी बसवायची, झालं. त्याला आमची ना नाही. पंचाईत होते ती तीच सवय पॉवर ट्यूबला लावल्यावर. जोडी ऑनलाइन मागवली, सॉकेटात बसली, की लगेच स्विच ऑन. आमच्याकडच्या दुरुस्त्यांमध्ये सगळ्यात जास्त दिवस खाणारं काम यातूनच निघतं.

पॉवर ट्यूबला बायस लावावा लागतो. ग्रिडला, म्हणजे ट्यूबमधल्या करंट आवरणाऱ्या जाळीला, ऋण व्होल्टेज देऊन, कुणी वाजवत नसताना ट्यूबमधून किती करंट वाहायचा ते ठरवायचं. मेकॅनिक गाडीचा स्लो लावतो, तसलाच प्रकार. एकाच नंबरच्या, एकाच कारखान्यातल्या दोन ट्यूबनाही सारखंच व्होल्टेज दिलं तरी करंट वेगवेगळा येतो. म्हणून जोडी मोजून जुळवलेली लागते आणि जोडी बदलली की बायसही पुन्हा बघावा लागतो. "पहिल्या पण ईएल३४ होत्या, या पण ईएल३४च आहेत" असा नुसता ट्यूबचा नंबर जुळून भागत नाही.

आकड्यात सांगायचं तर ईएल३४ची प्लेट, म्हणजे करंट जिथे येऊन पोचतो तो आतला पत्रा, २५ वॉट सोसते. नेहमीच्या क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये (ट्यूब जोडीने, आळीपाळीने जोर लावतात तो), नुसता चालू असताना, त्याच्या ७० टक्क्यांवर जायचं नाही, म्हणजे १७.५ वॉट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर करंट साधारण ३९ मिलिअँपिअर. त्याच व्होल्टेजला ३० वॉटच्या ६एल६जीसीला (६एल६चाच जास्त सोसणारा प्रकार) ४६-४७ पर्यंत जाता येतं. हे मीटरवर बघायचं असतं. कानाने बायस लावणारे लोक आहेत, पण आम्ही तसा लावत नाही.

करंट फार वाढला तर आतली करडी प्लेट मधूनच गडद लाल दिसायला लागते. दिवा मालवून मागून बघा. मधला नारिंगी उजेड हीटरचा, तो असायलाच हवा. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तरी घाबरू नका. प्लेट लाल दिसली तर मात्र त्याच क्षणी बंद करा. तसंच वाजवत राहिलात तर ट्यूब शॉर्ट होते, तिच्या स्क्रीनचा (आतल्या दुसऱ्या जाळीचा) रेझिस्टर जळतो, फ्यूज उडतो. इथपर्यंत नुकसान थोडक्यात असतं. पण प्रोग्रॅम चालू आहे म्हणून कुणीतरी फ्यूजला तार गुंडाळतं आणि मग ट्रान्सफॉर्मर जातो. त्यात नवी तार भरून येईपर्यंत तुमची नवरात्र संपलेली असते.

ईएल३४ आणि ६एल६ एकाच सॉकेटात बसतात, म्हणून एकमेकांच्या जागी चालतील असं वाटतं. ईएल३४चा हीटर १.५ अँपिअर घेतो, ६एल६चा ०.९. चार ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये हा फरक २.४ अँपिअरवर जातो आणि तो सगळा बोजा पॉवर ट्रान्सफॉर्मरवर. शिवाय ईएल३४च्या पिन १वर सप्रेसर नावाची जाळी असते, ती आतून कॅथोडला जोडलेली नसते, म्हणून बाहेरून पिन ८ला, म्हणजे कॅथोडला, जोडावी लागते. ६एल६ला त्याची गरज नसल्यामुळे काही अ‍ॅम्पमध्ये त्या रिकाम्या पिनवर भलतंच काही टाकलेलं असतं. ते चॅसी, म्हणजे अ‍ॅम्पचा आतला धातूचा सांगाडा, उघडल्याशिवाय कळत नाही. आणि चॅसी तुम्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

व्हॉक्स एसी३०सारख्या कॅथोड बायसच्या अ‍ॅम्पला (जिथे ट्यूब आपला बायस आपणच लावून घेते) बायसचा पेच फिरवावा लागत नाही, जुळवलेला संच लावला की पुरतं. फेंडर ब्लूज ज्युनिअरमध्ये बायस आहे पण फिरवायला पेच नाही, तिथे ट्यूब निवडूनच घ्यावी लागते. आजोबांच्या रेडिओतली बीईएलची (भारत इलेक्ट्रॉनिक्सची) एकुलती ईएल८४, या दोन्ही अ‍ॅम्पमध्ये लागणारी छोटी पॉवर ट्यूब, घेऊन येणाऱ्यांनी ती जपून ठेवावी. जोडीशिवाय इथे उपयोग नाही.

आता आवाजाचं. ६एल६ मोकळी, खालचा आवाज घट्ट, उशिरा फाटते. ईएल३४ मधल्या पट्टीत पुढे येते, क्रंच, म्हणजे फाटलेल्या आवाजाची करकर, लवकर देते. ६व्ही६ त्याहून मवाळ. पण त्याच नंबरची दुसऱ्या कंपनीची ट्यूब लावून जो फरक पडतो, त्याच्या कितीतरी पट फरक स्पीकर बदलून पडतो. ट्यूब विकणाऱ्याने हे सांगू नये खरं तर. जुन्या ट्यूब थकलेल्या असतील तर मात्र नवी जोडी लावल्यावर अ‍ॅम्प जागा झाल्यासारखा वाटतो, आणि त्याचं श्रेय लोक कंपनीच्या नावाला देतात.

फ्लॅटमध्ये १०० वॉटचा अ‍ॅम्प मोठा पडतो म्हणून चारपैकी दोन ट्यूब काढता येतात, पण दोन्ही बाजूंची एकेक, म्हणजे बाहेरच्या दोन किंवा आतल्या दोन. स्पीकरचा कॅबिनेट ८ ओहमचा असेल तर अ‍ॅम्पच्या मागचा ओहमचा सिलेक्टर ४ वर ठेवायचा. आवाज निम्मा होईल अशी आशा ठेवू नका, फरक ३ डेसिबलचाच.

आम्ही काउंटरवरून नुसती जोडी देत नाही, अ‍ॅम्प ठेवून घेतो, याबद्दल कुरकुर होते. जोडी लावून अर्धा तास तापू दिली की करंट सरकतो, म्हणून पुन्हा मोजावं लागतं. ऑनलाइनपेक्षा आमची जोडी थोडी महाग आहे, पण इथे घेतलेल्या जोडीचा बायस लावायचे वेगळे पैसे नाहीत आणि मोजलेले आकडे खोक्यावर लिहून देतो. बाहेरून आणलेल्या ट्यूबही लावून देऊ, मजुरी पडेल, आणि जोडी जुळत नसेल तर तसं तोंडावर सांगू. घरी लावून बघितलेल्या ट्यूब मात्र परत घेत नाही.

येताना काढलेल्या जुन्या ट्यूब आणि स्वतःचा कॅबिनेट बरोबर आणा. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीच चालू करू नका. मध्ये कुणी हात घातला असेल तर आधीच सांगा, आम्ही रागावत नाही, शोधाशोध वाचते. आणि गरब्याला लागणारा अ‍ॅम्प गणपतीतच आणून टाका. घटस्थापनेच्या आठवड्यात आलेला अ‍ॅम्प दसऱ्यानंतरच मिळेल.