मोटारीच्या काचांवरील वाफ व बर्फ

हवेतील बाष्प थंड काचेवर बारीक थेंबांच्या रूपाने साचून काच धूसर होते, याला काचेवर वाफ धरणे म्हणतात. हे थेंब एकेकटे डोळ्यांना जाणवत नाहीत. पण समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड त्यांच्यावर विखुरतो आणि रात्रीच्या वेळी सगळी काच एकदम पांढरी होते.

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो आणि वर्षातले बरेच महिने येथील हवा कोरडी असते. त्यामुळे हा त्रास थोड्याच दिवसांचा आहे, आणि बहुधा म्हणूनच त्यावरचा उपाय चालकांच्या अंगवळणी पडलेला नसतो. सप्टेंबरातील पावसाच्या रात्री, उजनी जलाशयालगत टेंभुर्णी-इंदापूर पट्ट्यात पडणारे धुके आणि संक्रांतीच्या दिवसांतील गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराची थंड पहाट हे त्याचे नेहमीचे प्रसंग होत.

एक घनमीटर हवेत ३० अंश सेल्सियसला सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, तर २० अंशांना सुमारे १७ ग्रॅमच. ज्या तापमानाला हवा बाष्पाने पूर्ण भरते त्याला दवबिंदू म्हणतात. काच त्याहून थंड झाली की जादा बाष्प तिच्यावर उतरते. मात्र ते काचेच्या कोणत्या बाजूला उतरले आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते, कारण दोन्ही बाजूंची वाफ दिसायला सारखीच असली तरी त्यांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. गाडी बाजूला थांबवून काचेवरून आतून बोट फिरवावे. स्वच्छ रेघ उमटली तर वाफ आतली समजावी.

आतली वाफ प्रवाशांच्या श्वासातून आणि ओल्या कपड्यांतून येते. आषाढी वारीनंतर पंढरपूरहून भिजून परतणारी पाच माणसे, त्यांच्या छत्र्या आणि पायांखालची ओली मॅट एवढे पाणी बंद गाडीत असले, आणि बाहेरून पावसाने काच गार केली, की काही मिनिटांत पुढचे दिसेनासे होते. अशा वेळी ब्लोअरचा झोत समोरच्या काचेवर वळवावा, बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडी ठेवावी, एसी चालू करावा आणि तापमानाचे बटण उष्ण बाजूला न्यावे. एसी आणि हीटर एकत्र लावणे विचित्र वाटते, पण एसीच्या थंड नळ्यांवर हवेतील पाणी गळून पडते (थांबलेल्या गाडीखाली ठिबकणारे पाणी तेच) आणि ही कोरडी हवा गरम झाली की काचेवरील ओल शोषून घेते. पाऊस आहे म्हणून बाहेरची हवा बंद करणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. त्यामुळे तीच दमट हवा गाडीत फिरत राहते.

बाहेरील वाफेचा प्रकार उलट असतो. हवा २४ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २२ अंश येतो. एसीचा गार झोत काचेवर सोडला की काच त्याहून थंड होते आणि बाहेरून धूसर दिसते. येथे वायपर फिरवावा, झोत पायांकडे वळवावा व एसी कमी करावा. मागच्या काचेवरील आडव्या बारीक रेषा म्हणजे डिफॉगरच्या तारा असून त्यांतील विजेने काच तापते.

तळहाताने काच पुसल्यास तेलकट डाग राहतात. भौगोलिक मानांकन लाभलेला सोलापुरी टॉवेल या कामाला उत्तम, पण नवाकोरा नव्हे. नव्या टॉवेलचे तंतू काचेला चिकटतात, चार-सहा धुण्यांनंतरच तो पाणी नीट टिपतो. वायपर बिघडलेल्या ट्रकच्या काचेला बाहेरून तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे पाण्याचे थेंब न बनता पातळ पापुद्रा पसरतो; पातळ साबणपाण्याचा परिणामही असाच, आणि तितकाच अल्पकाळ टिकणारा.

काचेवर बर्फ धरण्याइतकी थंडी सोलापुरात पडत नाही. तो प्रश्न लडाख, काश्मीर वा हिमाचलात गाडी नेणाऱ्यांचा. तेथे हीटर चालू करून बर्फ सैल होऊ द्यावा व प्लास्टिकच्या खरवडणीने काढावा. दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल व एक भाग पाणी फवारल्यासही तो वितळतो, कारण हे अल्कोहोल उणे ८९ अंशांपर्यंत गोठत नाही. उकळते पाणी मात्र ओतू नये. तापमानाच्या एकाएकी फरकाने काचेला तडा जातो. गोठून काचेला चिकटलेला वायपर सोडवल्याशिवाय चालू केल्यास त्याचे रबर फाटते, म्हणून रात्री गाडी उभी करतानाच वायपर उचलून ठेवतात.