टर्बो बदलण्याआधी हवा मोजा

वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात माझ्या गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून घालणारा पंखा, टेबलावर उघडा पडला होता. मिस्त्री म्हणाले, "पंखा फिरवून बघा." मुठीत मावेल एवढा अ‍ॅल्युमिनियमचा पंखा बोट लागताच गरगरला. "आता बाजूला दाबा." किंचित हलला, पण भोवतीच्या घराला घासला नाही. "आता आत-बाहेर ओढा." जागचा हलला नाही. पात्यांच्या कडा शाबूत होत्या, कुठे टवका नव्हता. मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. "टर्बो चांगला आहे साहेब. हवा बनतेय, पण इंजिनापर्यंत पोचत नाहीये."

मी गेलो होतो मोठा टर्बो बसवून घ्यायला. गाडी तेरा वर्षांची, १.३ लिटरची डिझेल हॅचबॅक. घोडबंदर रोडला गायमुखचा चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये दम सोडायची आणि आरशात मागे काळा धूर दिसायचा. "पिकअप गेलाय, मोठा टर्बो टाक," असं सगळ्यांनीच सांगितलं होतं.

मिस्त्रींनी टर्बो परत बसवला, त्याच्या तोंडाला बूच लावून आत कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि इंटरकूलरच्या, म्हणजे दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, पाइपांवर ब्रशने साबणाचं पाणी फिरवलं. खालच्या रबरी पाइपाच्या वळणावर, वरून कधीच दिसलं नसतं अशा जागी, फेसाचा गोळा फुगायला लागला. हवा बंद केली की पाइप जसाच्या तसा. दाब आला की रबर ताणायचं, चीर उघडायची आणि दाबलेली हवा तिथूनच निसटायची. नवा पाइप बसला, क्लिपा बदलल्या आणि गायमुखचा चढ पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये चढू लागला.

पण मोठ्या टर्बोचा विचार डोक्यातून गेला नव्हता, म्हणून मी कागद घेऊन बसलो. टर्बो कसा निवडायचा हे मला त्या कागदावर पहिल्यांदा नीट कळलं, आणि जुन्या डिझेल गाडीवर जीव असलेल्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा करावा असं मला मनापासून वाटतं.

डिझेल इंजिनाची ताकद म्हणजे त्यात किती डिझेल धुराविना जाळता येतं हे. १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन एकजीव व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून हवा १८ किलोच्या आसपास उतरली की धूर दिसायला लागतो. ताकद वाढवायची तर आधी हवा वाढवावी लागते. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने ताजी हवा दाबून आत घालायची, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरची. पेटंट १९०५ सालचं. मोटारीत ती रुळायला बराच काळ गेला. टर्बो डिझेल इंजिन असलेली पहिली उत्पादित मोटार, मर्सिडीजची ३०० एसडी, १९७८ मध्ये आली.

आता माझं इंजिन. १२४८ सीसी, फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा श्वास. ४००० आरपीएमला मिनिटाला सुमारे २५०० लिटर जागा भरायची. सगळी भरत नाही, २२०० लिटर धरू. टर्बोने हवेचा दाब सव्वादोन पट केला आणि इंटरकूलरने ती थंड केली, तर या जागेत मिनिटाला साधारण ५ किलो हवा मावते. गायमुखला मात्र मी असतो १६०० आरपीएमला. तिथे दाबही कमी, फेऱ्याही कमी. हिशेब येतो मिनिटाला जेमतेम दीड किलोचा.

टर्बो बनवणारी कंपनी एक नकाशा काढते. आडव्या अक्षावर दर मिनिटाला किती हवा, उभ्या अक्षावर दाब किती पट, आणि मध्ये डोंगराच्या समोच्च रेषांसारखी वलयं. सगळ्यात आतल्या वलयात टर्बो कमी उष्णता करून जास्त हवा देतो. डावीकडे एक सीमारेषा असते. तिच्या पलीकडे गेलात, म्हणजे दाब मोठा मागितला पण इंजिन तेवढी हवा घेत नसेल, तर हवा पात्यांवरून सुटते आणि उलटी फिरते. फडफड असा आवाज येतो आणि बेअरिंग मार खातं. उजवी सीमा म्हणजे याहून जास्त हवा पंख्यातून जाणारच नाही. गॅरेट आणि बॉर्गवॉर्नर यांच्या परफॉर्मन्स टर्बोंचे असे नकाशे उघड मिळतात. माझे दीड किलो आणि पाच किलो हे दोन ठिपके मी एका मोठ्या टर्बोच्या नकाशावर टाकले. पाचचा ठिपका छान आत बसला, दीडचा डाव्या सीमेला चिकटला. माझं रोजचं आयुष्य त्या दीडच्या ठिपक्यावर चालतं: माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, सिग्नल ते सिग्नल.

उष्णतेचंही बघा. ठाण्यात मे महिन्यात ३५ अंशांची हवा २.२ पट दाबली आणि टर्बोच्या हवा दाबणाऱ्या पंख्याची कार्यक्षमता ७० टक्के असली, तरी बाहेर पडताना ती १४५ अंशांच्या आसपास जाते. कार्यक्षमता ६० वर आली तर १६५. गरम हवा विरळ असते, म्हणून दाब दिसतो पण ऑक्सिजन तेवढा नसतो. इंटरकूलरच्या जाळीत चिखल आणि तेल बसलं असेल, तर नवा टर्बो फक्त जास्त गरम हवा देईल.

आणि लॅग, म्हणजे पाय दाबल्यापासून गाडी उठेपर्यंतचा रिकामा वेळ. आकार जसाच्या तसा ठेवून पंखा २० टक्के मोठा केला, तर त्याचं जडत्व २० टक्के वाढत नाही. ते व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं, म्हणजे जवळजवळ अडीच पट! छोट्या गाडीचा टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो. ४५ मिलिमीटर पंख्याची कड तेव्हा सेकंदाला ४७० मीटर वेगाने जात असते, आवाजापेक्षा बरीच पुढे. अडीच पट जड गोष्ट त्या वेगाला आणायची आणि हाताशी १६०० आरपीएमचा क्षीण वायू. तो रिकामा वेळ यातूनच येतो.

गरम वायूने फिरणाऱ्या पंख्याच्या, म्हणजे टर्बाइनच्या, घराचा आकारही तितकाच महत्त्वाचा. ओहोटीच्या वेळी कळव्याच्या खाडीपुलावर उभं राहा. खांबांच्या मधून पाणी जिथे अरुंद होतं तिथे ते धावतं. टर्बाइनचं घर अरुंद असेल तर कमी वायूलाही असाच वेग येतो आणि पंखा लवकर उठतो. पण वरच्या आरपीएमला तोच अरुंदपणा इंजिनाचा गळा धरतो. रुंद घराचं उलट. व्हीजीटी या प्रकारच्या टर्बोमध्ये हलणाऱ्या पट्ट्या असतात, त्या गरजेप्रमाणे वाट अरुंद किंवा रुंद करतात. फियाटचं १.३ मल्टीजेट इंजिन आपल्याकडे दोन्ही रूपांत मिळालं: साध्या टर्बोवर ७५ अश्वशक्ती, व्हीजीटीवर ९०च्या आसपास. म्हणून साध्याच्या जागी व्हीजीटी टाकायचा मोह होतो. पण त्या पट्ट्या हलवायला ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, त्याचा वेगळा प्रोग्रॅम लागतो. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे इंजेक्टर ईसीयूच्या हुकमाने उघडतात तिथे, ईसीयूने ठरवलेल्यापेक्षा जास्त डिझेल सुटत नाही. रीमॅपशिवाय, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम न बदलता, नुसता मोठा टर्बो बसवला तर हाती फक्त लॅग येतो. रीमॅप केला तर जास्तीचा टॉर्क जुन्या क्लचवर पडतो.

खारघरच्या माझ्या मावसभावाचा टर्बो मात्र खरंच गेला होता. निळा धूर, इंटरकूलरमध्ये कपभर तेल. एका गॅरेजने तो बदलून दिला आणि चार महिन्यांत नवाही तेल टाकू लागला. मी गाडी माझ्या मिस्त्रींकडे आणायला लावली. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलची कॅप उघडली, तर ती हातावर नाचायला लागली. टर्बोतलं तेल खाली चेंबरमध्ये स्वतःच्या वजनाने उतरतं. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, दाब साठला की ते उतरत नाही, मग पंख्याच्या बाजूने वाट काढतं. टर्बोचं सील रबराचं नसतं, पिस्टनच्या रिंगसारखी बारीक कडी असते. ती तुंबलेलं तेल अडवू शकत नाही. रिंगा झिजल्या असतील तर खर्च मोठा होता. सुदैवाने कॉम्प्रेशन ठीक निघालं आणि दोष हा दाब बाहेर सोडणाऱ्या ब्रीदर पाइपात सापडला. तो काळ्या चिकट गाळाने बुजला होता. पहिल्याच वेळी कुणी ती कॅप उघडून पाहिली असती तर एक अख्खा टर्बो वाचला असता, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याला मोठा टर्बो हवा होता. तो रोज ठाणे-बेलापूर रोडने ऐरोलीला जातो, महिन्यातून एकदा खंडाळ्याचा घाट. मी त्याला मूळ मापाचाच कोअर (दांडा, पंखे आणि बेअरिंग असलेला टर्बोचा मधला भाग) घे म्हणालो, बॅलन्सिंगच्या रिपोर्टसकट. दोन लाख फेऱ्यांना मिलिग्रॅमचाही असमतोल बेअरिंग खातो आणि स्वस्त नकलांमध्ये पहिली काटछाट तिथेच होते. कायद्याचंही सांगितलं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि पीयूसीला बीएस ४ डिझेलच्या धुराच्या दाटपणाची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे. जास्त डिझेल सोडणारा रीमॅप तिथे अडकतो. ज्याला घाटात दर आठवड्याला ओझं घेऊन चढायचं आहे, इंटरकूलर आणि क्लच दोन्हीवर खर्च करायचा आहे आणि आरटीओची परवानगी काढायची तयारी आहे, त्याने नकाशात बसणारा एक माप मोठा टर्बो जरूर बघावा.

कोअर बसवताना मी शेजारी उभा होतो. मिस्त्रींनी तेलाची पुरवठा नळी नवी टाकली. जुनीत जळालेल्या तेलाचा कोळसा असतो आणि तो सुटला तर थेट बेअरिंगमध्ये जातो. मग टर्बोच्या वरच्या भोकात पिचकारीने ताजं तेल घातलं आणि पंखा हाताने फिरवला, खालून तेल ठिबकेपर्यंत. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंजेक्टरचे कनेक्टर काढून स्टार्टर मारला, थांबले, पुन्हा मारला. ऑइलचा लाल दिवा विझल्यावरच कनेक्टर लावले, इंजिन सुरू केलं आणि तीन मिनिटं अ‍ॅक्सिलरेटरला कुणाला पाय लावू दिला नाही.