पाठीवर पडलेला कोळी मेलेला नसतो

रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. आवाज रडवेला. "मामा, ती मेली. उताणी पडलीय, हालत नाही. सकाळी पुरतो तिला." ती म्हणजे त्याने दोन वर्षं सांभाळलेली लाल गुडघ्यांची मेक्सिकन टॅरंट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी. मी एवढंच विचारलं, "पाय पसरलेत की पोटाशी मुडपलेत?"

"पसरलेत."

"मग झाकण लाव, दिवा बंद कर आणि झोप. हात लावू नकोस."

उताणा पडलेला कोळी म्हणजे मेलेला कोळी, या समजापायी जिवंत जनावरं पुरली जातात याचं मला फार वाईट वाटतं. खरं तर कोळ्याचे पायच सगळं सांगत असतात. आपल्या गुडघ्याला वाकवणारे वेगळे आणि सरळ करणारे वेगळे स्नायू असतात. कोळ्याच्या प्रत्येक पायात दोन मोठे सांधे असे आहेत की तिथे वाकवणारे स्नायू आहेत, पण सरळ करणारे नाहीतच. पाय सरळ होतो तो आतल्या द्रवाच्या दाबाने. कोळ्याचं निळसर रक्त, म्हणजे हिमोलिम्फ, छातीच्या भागातून पायांत दाबलं जातं आणि पाय ताठ होतो. जीव गेला की दाब जातो, स्नायू आखडतात आणि आठही पाय पोटाखाली गोळा होतात. म्हणजे मेलेला कोळी मुठीसारखा मिटतो. पाय पसरून उताणा पडलेला कोळी बहुधा कात टाकत असतो. (पाण्यावाचून सुकलेला कोळीही पाय मुडपू लागतो. म्हणून पाण्याची उथळ वाटी कायम भरलेली हवी.)

कीटक, कोळी, वाणी, खेकडे यांचा सांगाडा अंगाबाहेर असतो हे शाळेत शिकलेलं असतं. कायटिन आणि प्रथिनांचं हे कवच ताणत नाही, त्यामुळे वाढायचं तर ते उतरवावं लागतं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण कपडे बदलावेत तशी कात बदलली जाते असं आपण समजतो, आणि तिथे चुकतो. कात उतरण्याच्या कितीतरी आधी आत काम सुरू झालेलं असतं.

आधी कवचाखालच्या जिवंत पेशींचा थर कवचापासून सुटा होतो. मधल्या फटीत एक द्रव पाझरतो. त्यात कायटिन आणि प्रथिनं पचवणारी एन्झाइम असतात, पण ती निष्क्रिय. मग पेशी नव्या कवचाचा सगळ्यात बाहेरचा, पातळ थर घालतात. हा थर पडला की एन्झाइम जागी होतात आणि जुनं कवच आतून पचवू लागतात. त्यांना नवं कवच खाता येत नाही, कारण तो पातळ थर आड येतो. जुन्या कवचाचा बराचसा माल असा विरघळून शरीरात परत शोषला जातो. उरतं ते फक्त वरचं टणक आवरण. त्यावरही काही ठरलेल्या रेषांवर टणक थर मुळातच नसतो, म्हणून कवच तिथेच उकलतं.

हे सगळं कोण ठरवतं? कीटकांच्या मेंदूतून एक संप्रेरक (हार्मोन) निघतं, ते छातीतल्या एका ग्रंथीला चेतवतं आणि ती ग्रंथी एक्डायसोन सोडते. शरीरात त्याचं रूपांतर अधिक प्रभावी २०-हायड्रॉक्सीएक्डायसोनमध्ये होतं आणि त्वचेच्या पेशी कामाला लागतात. सोबत बालसंप्रेरक भरपूर असेल तर पुढची कात पुन्हा पिल्लाचीच. ते आटलं की प्रौढाची. गंमत म्हणजे प्रत्यक्ष कात उतरायला एक्डायसोनची पातळी आधी चढून मग उतरावी लागते. ती उतरल्यावरच दुसरी दोन संप्रेरकं एकमेकांना उचकवत अंग बाहेर काढण्याच्या हालचाली सुरू करतात. बुटेनांट आणि कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये एक्डायसोन शुद्ध रूपात वेगळं केलं, तेव्हा रेशीमकिड्यांच्या सुमारे ५०० किलो कोषांतून हाती लागलं फक्त २५ मिलिग्रॅम! त्याची रचना कळायला १९६५ उजाडलं. निघालं ते स्टेरॉइड. कीटकांना मात्र स्टेरॉइडचा मूळ सांगाडा स्वतः बनवता येत नाही, तो अन्नातूनच यावा लागतो. पानं कुरतडणारा काडीकिडा वनस्पतीतल्या स्टेरॉलपासून आपल्या कातीचा निरोप तयार करतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

पालकासारख्या काही वनस्पतीही कातीचं हेच संप्रेरक बनवतात, किड्यांचं घड्याळ बिघडवायला. ते डबीत भरून 'स्नायू वाढवणारं नैसर्गिक औषध' म्हणून विकतात. या संप्रेरकाचा निरोप कीटकाच्या पेशीतला जो ग्राही (निरोप ओळखणारं प्रथिन) वाचतो, तो माणसाकडे नाही. जाहिरातीतल्या दंडांवर विश्वास ठेवून पैसे घालवू नका.

टॅरंट्युलाची कात सुटताना हृदय जोरात चालतं, पोटातलं रक्त पुढे ढकललं जातं आणि पाठीची ढाल डबीच्या झाकणासारखी उघडते. मग हातमोज्यातून बोट काढावं तसा एकेक पाय ओढून काढायचा. पायच नव्हे, विषदंत, चोषक जठराचं अस्तर, श्वसनाच्या पुस्तक-फुप्फुसांचं (पुस्तकाच्या पानांसारखे थर असलेल्या फुप्फुसांचं) अस्तर, सगळं जुनं बाहेर येतं. कीटक तर श्वासनलिकांचं अस्तरही ओढून काढतात. पडलेल्या कातीत पांढरे धागे दिसतात ते तेच. बाहेर आलेला जीव मऊ आणि फिकट असतो. घरात कधी पांढरं शुभ्र झुरळ दिसलं तर ती दुर्मीळ जात नव्हे, नुकतीच कात टाकलेलं साधं झुरळ असतं. काही तासांत प्रथिनं एकमेकांना जखडली जाऊन ते तपकिरी आणि कठीण होतं.

पाळणाऱ्याचं निम्मं शहाणपण यातच आहे. हवा फार कोरडी असली तर कात पायाला चिकटून राहते आणि पाय गमवावा लागतो. काडीकिडे आणि खंडोबाचा किडा उलटे लटकून कातीतून खाली घसरतात, म्हणून पेटीची उंची त्यांच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी. जमिनीवर राहणाऱ्या जड टॅरंट्युलाला उलट बुटकी पेटी हवी. पडली तर पोट फुटतं. खाणं सोडलं, हालचाल मंदावली, पोटावरचा टक्कल पडलेला भाग काळा दिसू लागला, की समजावं वेळ जवळ आली. तेव्हा पेटीतला जिवंत रातकिडा आधी बाहेर काढायचा. शिकारी मऊ पडला की भक्ष्यच त्याला कुरतडतं. कातीनंतरही घाई नको. नवे विषदंत आधी पांढरे, मग लालसर, मग काळे होतात. काळे झाल्यावरच खाऊ घालावं.

आयसोपॉड, म्हणजे खेकड्यांचे छोटे कवचधारी भाईबंद, अर्धी-अर्धी कात टाकतात, आधी मागची, मग पुढची. दोन रंगांचा आयसोपॉड आजारी नसतो. शंखात राहणारे खेकडे कातीसाठी आठवडेच्या आठवडे वाळूत गाडून घेतात आणि माणसं त्यांना मेले म्हणून उकरून काढतात. या दोघांनी स्वतःची कात खाल्ली तर खाऊ द्यावी, त्यातलं कॅल्शियम त्यांना हवंच असतं.

आणखी एक. लाल गुडघ्यांच्या टॅरंट्युलाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, कारण पाळण्यासाठी रानातून त्या फार उचलल्या गेल्या. पाळायचीच तर बंदिवासात जन्मलेलीच, कागदपत्रं बघून घ्यावी. आणि कुठलाही पाळलेला जीव कंटाळा आला म्हणून बाहेर सोडू नये.

सकाळी भाच्याचा फोटो आला. पेटीत दोन कोळी दिसत होते, एक चकचकीत, दुसरा पोकळ. मी त्याला कात कोमट पाण्यात मऊ करून पोटाचा भाग अलगद उलगडायला सांगितला. मादीच्या कातीत पुस्तक-फुप्फुसांच्या पुढच्या जोडीमधोमध शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीचं अस्तर दिसतं. त्याने भिंगातून पाहिलं. पिशवी होती. म्हणजे ती खरोखरच 'ती' निघाली. नर प्रौढ झाल्यावर फार काळ जगत नाहीत, या जातीच्या माद्या मात्र २० वर्षांच्या पुढेही जातात, आणि प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहतात.