क्यूएलईडी की ओएलईडी? आधी खोली बघा, मग टीव्ही

नावं इतकी सारखी की क्यूएलईडी आणि ओएलईडी हे एकाच टीव्हीचे दोन प्रकार असावेत असं वाटतं. खरं तर दोघांची जातकुळीच वेगळी आहे. क्यूएलईडी हा मुळात एलसीडी टीव्ही आहे, ओएलईडी नाही. एवढं पक्कं ध्यानात ठेवलं, तर दुकानातल्या बोलण्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं हे तुमचं तुम्हाला कळेल.

एलसीडीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. मागे दिवे जळत असतात आणि पुढचा द्रवस्फटिकांचा थर तो उजेड कुठे अडवतो, कुठे सोडतो. पूर्वी मागे बारीक ट्यूब असत, मग एलईडी दिवे आले आणि त्याच टीव्हीला सगळे ‘एलईडी टीव्ही’ म्हणू लागले. क्यूएलईडी ही त्याची पुढची पायरी. मागचे दिवे निळे असतात आणि त्यांच्यापुढे क्वांटम डॉटचा पातळ थर असतो. हे कण इतके सूक्ष्म की त्यांच्या आकारावर त्यांचा रंग ठरतो. निळ्या उजेडातून ते शुद्ध लाल आणि हिरवा काढून देतात. या कणांच्या शोधासाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सॅमसंगने २०१७पासून आपल्या टीव्हींना क्यूएलईडी म्हणायला सुरुवात केली, नंतर इतर कंपन्यांनीही ते नाव उचललं. रंग खरोखर भरदार दिसतात, त्यात फसवणूक नाही.

अडतं ते काळ्या रंगापाशी. बाहेर ऊन असताना खिडकीचा पडदा कितीही घट्ट ओढला तरी खोलीत थोडा उजेड झिरपतोच, तसंच इथेही होतं. रात्रीचा प्रसंग काळा न दिसता राखाडी दिसतो. त्यावर उपाय म्हणून मागच्या दिव्यांचे वेगवेगळे भाग करून गरजेप्रमाणे मंद करतात, त्याला लोकल डिमिंग म्हणतात. मिनी एलईडीमध्ये हे दिवे खूप छोटे आणि खूप जास्त असतात, त्यामुळे हे काम बरंच नीट होतं. मात्र स्वस्त क्यूएलईडीत हे भाग बहुधा नसतातच. म्हणून नुसतं ‘क्यूएलईडी आहे’ या उत्तरावर थांबू नका. डिमिंगचे झोन, म्हणजे हे भाग, किती, हे विचारा.

ओएलईडीत मागे दिवाच नाही. फोर-के पडद्यावरचे सुमारे ८३ लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, स्वतःच उजळतात आणि स्वतःच विझतात. काळं हवं तिथे पिक्सेल बंद, म्हणजे खरा काळोख. कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७मध्ये या तंत्राचा पाया घातला. एलजीचा ५५ इंची टीव्ही बाजारात यायला २०१३ उजाडलं. अंधाऱ्या खोलीत एकदा ओएलईडीवर सिनेमा पाहिला की दुसरं काही डोळ्यांत भरत नाही, हे मी मनापासून सांगतो. शिवाय कुणी दिवाणावर, कुणी कडेला जमिनीवर बसलं तरी चित्र फिकं पडत नाही. बऱ्याच एलसीडी पडद्यांत कडेने पाहिलं की रंग उडतात.

तरीही सगळ्यांनी ओएलईडीच घ्यावा, असं मी म्हणणार नाही. एक तर भर दुपारी, गॅलरीचं दार उघडं असलेल्या हॉलमध्ये तो कमी पडतो. पडदाभर पांढरं किंवा उजळ चित्र आलं की तो आपला उजेड आवरता घेतो. दुसरं, त्यातले उजेड देणारे सेंद्रिय पदार्थ वापराने झिजतात, निळा सगळ्यात आधी. जिथे एकच चित्र महिनोन्‌महिने एकाच जागी राहतं, तिथे त्याची छाप कायमची उमटू शकते. आपल्याकडे सकाळपासून बातम्या लावून ठेवणारी घरं कमी नाहीत: खाली लाल पट्टी, कोपऱ्यात लोगो, तोही रोज तोच. अशा घरात मिनी एलईडीचा क्यूएलईडीच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. ही झीज सावरायला ओएलईडी टीव्ही स्वतःची दुरुस्ती करत असतो. एकूण चारेक तास वापर झाला, की रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये ती प्रक्रिया चालते. आपण मात्र झोपताना भिंतीवरचं बटणच बंद करतो! वीज वाचवण्याची सवय चांगली, पण या टीव्हीला ती मारक आहे. ओएलईडी घेणार असाल तर घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना, हे आधीच समजावून सांगा.

२०२२पासून क्यूडी-ओएलईडी नावाचे टीव्हीही आले आहेत. नावात क्वांटम डॉट असले तरी पिक्सेल स्वतः उजळणारेच, तेव्हा त्यांना ओएलईडीच्या घरातलं धरा.

शोरूममधल्या झगमगाटात चकचकीत क्यूएलईडीच नेहमी सरस वाटतो, कारण तिथे अंधार नसतो आणि टीव्ही डेमो मोडवर असतो. रिमोट मागून घ्या, चित्र सिनेमा मोडवर आणा, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं येतील असं काहीतरी लावायला सांगा आणि अक्षरांभोवती धूसर वलय दिसतं का बघा. मग दोन पावलं बाजूला सरकून पुन्हा बघा. आणि ओएलईडीवर मन बसलंच, तर पडद्यावर उमटलेली छाप वॉरंटीत धरतात की नाही, हे पैसे देण्याआधी वॉरंटीच्या कागदावर वाचा. तोंडी ‘हो’वर जाऊ नका.