मीठ शोधता शोधता मातीचा नकाशा

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा किंवा मिरज तालुक्यातला नदीकडचा दीड एकराचा तुकडा डोळ्यांसमोर आणा. वरच्या अंगाला ऊस डोक्याच्या वर, मधे कमरेएवढा, आणि खालच्या बाजूला नुसते पांढरे चट्टे. ‘मीठ फुटलंय’ म्हणून आपण पुढं जातो. मातीपरीक्षणाच्या वेळी मात्र याच रानातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती एका घमेल्यात मिसळतो आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत पाठवतो. वेगळ्या दिसणाऱ्या जमिनीचा नमुना वेगळा काढा, असं प्रत्येक पत्रकात छापलेलं असतं. काढतं कोण? २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत तर बागायतीसाठी अडीच हेक्टरला एक नमुना धरला होता. सहा एकरांना एक आकडा! आपल्याकडं तेवढ्यात चार भावांची रानं बसतात.

रानातला हा फरक माती न उकरता टिपणारं जे विद्युतचुंबकीय यंत्र आज ‘अचूक शेती’च्या नावाखाली दाखवलं जातं, ते शेतीत आलं ते मीठ शोधायलाच. तो प्रश्न आपल्याकडंही जुना आहे. कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यावरून कृष्णा कालवा निघाला तो १८६०च्या दशकात. साताऱ्याच्या उत्तर सीमेवरच्या नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे या कृषिशास्त्रज्ञांनी १९१० सालीच लिहून ठेवलं. कारण सगळीकडं सारखंच: पाणी भरपूर, निचरा नाही, भूजल वर चढतं, पाण्याची वाफ होते आणि मीठ मागं राहतं. कृष्णाकाठावर पुढं उपसा योजना आल्या, ऊस वाढला आणि भारी काळ्या रानात क्षारपड पसरत गेली.

ओल्या मातीतलं मीठ वीज वाहून नेतं, हे अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मिल्टन व्हिटनी आणि सहकाऱ्यांनी १८९७ मध्येच मोजायला घेतलं होतं. अडचण इलेक्ट्रोडची, म्हणजे मातीत रोवायच्या धातूच्या खुंटीची. तो मातीला नीट टेकला नाही की आकडा बदलतो. फ्रँक वेनर यांनी १९१५ साली चार इलेक्ट्रोडची मांडणी सुचवून ती बरीच सोडवली; बाहेरच्या दोहोंतून वीज सोडायची, आतल्या दोहोंत दाब मोजायचा. त्याच सुमारास फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे हेच तंत्र खनिजांच्या शोधासाठी वापरत होते. शेतातली क्षारता या पद्धतीनं मोजायला मात्र १९७०चं दशक उजाडलं, तेही कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेत. तरी दर वेळी खुंट्या ठोकायच्याच होत्या.

खुंट्या सुटल्या त्या कॅनडात. जिओनिक्स कंपनीचे जे. डी. मॅक्नील यांनी १९८०च्या सुमारास तत्त्व मांडलं आणि ईएम-३८ हे यंत्र आलं. मीटरभर लांबीच्या दांड्यात एका टोकाला एक वेटोळं, दुसऱ्या टोकाला दुसरं. पहिल्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं आणि मातीत बारीक भोवरे-प्रवाह उठवतं. हे प्रवाह स्वतःचं क्षुल्लक क्षेत्र तयार करतात. दुसरं वेटोळं ते टिपतं. माती जितकी वाहक, तितकं ते क्षेत्र जोरकस. दांडा उभ्या कुशीवर ठेवला तर साधारण दीड मीटरपर्यंतची माती मोजमापात येते, आडवा केला तर पाऊण मीटरपर्यंतची. दोन्ही आकडे ताडून पाहिले की मीठ वर साचलंय की खाली, याचा अंदाज लागतो. हातात धरून चालत जायचं, बस्स.

पुढची कलाटणी गंमतीची आहे. जिथं मीठ नव्हतंच तिथंही यंत्र आकडे देत होतं! चिकणमाती वाढली की वाहकता वाढते. अमेरिकेतल्या मिसुरीत १९९४ साली चिकणमातीचा घट्ट थर किती खोल आहे, हे याच यंत्रानं काढून दाखवलं. मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, तशी प्रत्येक आकड्याची जागा पक्की मिळू लागली. यंत्र ट्रॅक्टरमागच्या घसरगाडीवर चढलं आणि रानाचे रंगीत नकाशे निघू लागले.

सांगलीत याचा वापर करायचा तर पथ्यं पाळावी लागतात. मीठ, चिकणमाती आणि ओल हे तिन्ही एकाच आकड्यात मिसळलेले असतात, आणि आपली काळी माती मीठ नसतानाही वाहक. मे महिन्यात भेगाळलेल्या रानात मोजणं फुकट. रान वाफशावर असावं. तासगावच्या द्राक्षबागेत लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव यंत्राला मातीऐवजी लोखंडच ऐकवतो. चोपण जमिनीचं दुखणं सोडियमचं. तिथं विद्राव्य क्षार कमी असले तर नुसती वाहकता फसवते. उलट कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं ज्या सच्छिद्र पाइप निचऱ्याचा प्रसार केला, तो नेमका कुठं घालायचा हे ठरवताना असा नकाशा कामाचा, कारण पाइप आणि खोदाई दोन्ही महाग.

खड्डे मात्र सुटत नाहीत. नकाशावरचे कमी, मध्यम, जास्त आकडे पाहून सहा, बारा किंवा वीस जागा निवडायच्या, अशी रीत रिव्हरसाइडकरांनीच घालून दिली. तिथं खणायचं, थराथराची माती काढायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. प्रत्येक खड्ड्याची वेगळ्या पिशवीत.